अंबडच्या शिवारातला समुद्र

साल १९७२, जुलै सरत आलेला. तुम्ही अंबड तालुक्यात उभे आहात. जालना जिल्हा व्हायला अजून नऊ वर्षे आहेत आणि समुद्र इथून सुमारे ३०० किलोमीटर दूर. पेरलेले उगवले नाही, उगवले ते करपले. पुढे खडी फोडण्याची कामे निघतील, रेशनवर मिलो ज्वारी येईल. बांधावरचा म्हातारा आभाळाकडे बघतोय. तुम्हाला मात्र ठाऊक आहे, की याच वेळी पेरूच्या किनाऱ्याजवळ प्रशांत महासागर तापलाय. त्याला सांगाल कसे? हे तापणे म्हणजे एल निनो; त्याचे आणि भारतातल्या दुष्काळाचे नाते पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतले डी. आर. सिक्का १९८० मध्ये मांडणार आहेत.

आता २०१९च्या ऑक्टोबरात या. शिवार तेच, पण पाऊस परतायचे नाव घेत नाही. देशातून मान्सून माघारी वळायला लागला तोच ९ ऑक्टोबरला, नोंदींमधला सर्वांत उशिरा. ऐन दिवाळीत सोंगलेल्या सोयाबीनला कोंब फुटलेत, कपाशीची बोंडे सडताहेत. या वेळी कारण आपल्याच समुद्रात आहे. आफ्रिकेकडचा हिंदी महासागर तापला, सुमात्राकडचा थंडावला. हा झोका शास्त्रज्ञांनी १९९९ मध्ये ओळखला. तो मांडणाऱ्या शोधनिबंधाच्या लेखकांत भूपेंद्र गोस्वामी आणि विनयचंद्रन हे भारतीयही होते.

समुद्राचे हे तापणे कळते कसे? याच दिवसांत अरबी समुद्रात बुडी मारा. हजार मीटर खोल अंधारात माणसाएवढे एक नळकांडे तरंगतेय. त्याला आर्गो म्हणतात. दर दहा दिवसांनी ते दोन हजार मीटरपर्यंत उतरते आणि वर येताना पाण्याचे तापमान व क्षारता मोजते. वर आले की उपग्रहाला कळवते. जगभरच्या समुद्रांत अशी सुमारे चार हजार यंत्रे आहेत. भारताच्या यंत्रांचे काम हैदराबादची इन्कॉइस ही संस्था पाहते. जालना ज्या निजामाच्या राज्यात होते त्याची हैदराबाद ही राजधानी होती, आणि तेही समुद्रापासून लांबच!

वर या. पावसाळ्यात इथूनच वाहणारा नैर्ऋत्येचा वारा जालन्याला पाऊस देतो. उद्या तो वीजही देऊ शकेल, आणि भंगार वितळवणाऱ्या जालन्याच्या पोलाद भट्ट्यांना वीज किती लागते हे वेगळे सांगायला नको. समुद्रातल्या पवनचक्क्यांसाठी केंद्राने जून २०२४ मध्ये ७,४५३ कोटींची योजना मंजूर केली. गुजरात आणि तमिळनाडूजवळ प्रत्येकी ५०० मेगावॉट. महाराष्ट्राचा किनारा त्यात नाही, आणि हे मला खटकते.

आता घरी, आजच्या तारखेला. येत्या एप्रिलमध्ये हवामान खात्याचा मान्सूनचा पहिला अंदाज येईल, तेव्हा पावसाची टक्केवारी वाचून थांबू नका. त्याच पत्रकात प्रशांत आणि हिंदी या दोन्ही महासागरांची स्थिती दिलेली असते, तीही वाचा. आणि ती पेरणीआधी सोप्या मराठीत गावोगावी पोचावी, असा आग्रह तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे धरा.