पंच म्हणून सही करताना

आज मी हिशोबाचं, कर्जाचं काही सांगणार नाही. आज एका सहीची गोष्ट सांगते. सही माझीच आहे, आणि चूकही माझीच.

२०१६ सालची गोष्ट. नांदेड-लातूरच्या शिवेवरच्या एका गावात गटाची बैठक उरकून मी परत निघाले होते. शेजारच्या गावातल्या बायांनी हातभट्टी बंद करा म्हणून अर्ज दिला होता, आणि नेमका त्याच दिवशी तिथं छापा पडला. रस्त्यावर जीप उभी होती. जमादार म्हणाले, "ताई, पंच म्हणून सही पाहिजे, दोन मिनिटांचं काम आहे." मला आनंदच झाला. दारू पकडली म्हणजे बायांचंच काम झालं! जीपच्या बॉनेटवर कागद ठेवला होता. मी न वाचता सही केली आणि एसटी पकडली.

दोन वर्षांनी कोर्टाचं समन्स आलं. आरोपीच्या वकिलानं विचारलं, "कॅन किती होते? घरात होते की घरामागं? कुणी बाहेर काढले?" कागदावर सगळं लिहिलेलं होतं. पण मी तर घरात पाऊलही टाकलं नव्हतं. शपथ घेतली होती, म्हणून खरं तेच सांगितलं. आरोपी सुटला. त्या गावच्या बाया पुढं भेटल्या तेव्हा एकच म्हणाल्या, "ताई, सही तर तुमचीच होती ना?"

कोर्टात खरं बोलले, त्याचं मला वाईट वाटत नाही. चूक बॉनेटवर झाली होती. माझा बी.ए.ला इतिहास होता. म्हणून त्यानंतर मी शोधायला लागले, की न्यायाच्या कामात साध्या माणसाला बोलावण्याची ही रीत आली कुठून.

आपल्याकडं ही रीत जुनी आहे. शिवकाळात आणि पेशवाईत वतनाचे, शिवेचे तंटे गोतसभेत सुटायचे. पाटील, कुलकर्णी, बलुतेदार एकत्र बसायचे, साक्षी ऐकायचे. मग निवाड्याचा कागद व्हायचा, त्याला महजर म्हणत. लिहिता न येणाऱ्यांची निशाणी असायची. पाटलाचा नांगर असायचा. जुन्या कागदांत बाईच्या सहीच्या जागी बांगडीची निशाणीही सापडते. म्हणजे बाईची खूण कागदावर होती, पण निवाडा करायला बसणारे बहुतेक पुरुषच, आणि तेही वतनदार.

इंग्रजांनी मुंबईत दुसरी रीत आणली, ज्युरीची. ज्युरी म्हणजे न्यायाधीशासोबत बसणारे शहरातले काही लोक. ते वकील नसत. त्यांना बोलावणं यायचं, कामधंदा सोडून कोर्टात बसावं लागायचं. आरोपीनं गुन्हा केला की नाही, एवढं ते सांगत. शिक्षा न्यायाधीश ठरवायचा. आपला मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता, म्हणून मुंबईची ही ज्युरी आपल्या आज्या-पणज्यांनी पाहिली नाही. पण तिच्या दोन खटल्यांतून आपल्याला शिकण्यासारखं आहे.

पहिला खटला लोकमान्य टिळकांचा. १९०८ साली 'केसरी'तल्या लेखांवरून त्यांच्यावर राजद्रोहाचा खटला मुंबई हायकोर्टात चालला. न्यायाधीश होते दावर. ज्युरीत नऊ जण होते, सात युरोपियन आणि दोन पारशी. आता बघा, लेख मराठीत, आणि निकाल देणारे बहुतेक मराठी न वाचणारे! त्यांच्यापुढं इंग्रजी भाषांतर ठेवलं होतं. टिळक स्वतःच आपली बाजू मांडत होते. भाषांतर चुकीचं आहे, मूळ शब्दाचा अर्थ असा नाही, हे त्यांनी कितीतरी तास समजावून सांगितलं. २२ जुलैच्या रात्री निकाल आला. सात जण म्हणाले दोषी, दोघे म्हणाले निर्दोष. सहा वर्षांची शिक्षा झाली आणि टिळकांना मंडालेला नेलं. मुंबईच्या गिरणी कामगारांनी सहा वर्षांसाठी सहा दिवस संप केला. त्याआधी १८९७ च्या खटल्यातही असंच झालं होतं, सहा विरुद्ध तीन.

हे वाचताना मला जीपचं बॉनेट आठवलं. ज्यांना कागद वाचताच येत नव्हता, त्यांनी त्यावर मत दिलं, असं आपण म्हणतो. मला तर कागद वाचता येत होता, तरी मी वाचला नाही.

दुसरा खटला स्वातंत्र्यानंतरचा, १९५९ सालचा. नौदलाचे अधिकारी कावस नानावटी यांनी पत्नीच्या प्रियकराला, प्रेम आहुजा यांना, मुंबईत गोळ्या घातल्या. 'ब्लिट्झ' नावाच्या साप्ताहिकानं नानावटींची बाजू उचलून धरली. कोर्टाबाहेर गर्दी व्हायची. ज्युरीनं आठ विरुद्ध एक मतानं सांगितलं, दोषी नाही. न्यायाधीशांना हा निकाल पुराव्याला धरून वाटला नाही, म्हणून त्यांनी प्रकरण हायकोर्टाकडं पाठवलं. हायकोर्टानं जन्मठेप दिली, आणि १९६१ साली सुप्रीम कोर्टानं ती कायम केली. पुढं १९६४ मध्ये त्यांना माफी मिळाली.

लोक म्हणतात, या खटल्यामुळंच ज्युरी बंद पडली. तसं नाही. त्याच्या आधीच, १९५८ साली, विधी आयोगानं ज्युरी बंद करावी असं सुचवलं होतं. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ज्युरीला जागाच राहिली नाही. पण या खटल्यातून एक गोष्ट शिकायची. गाव काय म्हणतंय आणि पुरावा काय म्हणतोय, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मीही त्या दिवशी बायांच्या बाजूनं होते, म्हणूनच न बघता सही केली. आपण चांगल्या बाजूनं आहोत असं वाटलं, की माणूस तपासून बघणं सोडतो.

आणि बायांचं काय? इंग्लंडमध्ये १९१९ चा कायदा झाल्यावर १९२० पासून बाया ज्युरीत बसायला लागल्या. अमेरिकेत काही ठिकाणी बाईनं स्वतःहून लेखी नाव दिलं तरच तिला बोलावत. घर, लेकरं सोडून ती कशी येणार, असं कारण सांगत. १९७५ साली तिथल्या सुप्रीम कोर्टानं हे चुकीचं ठरवलं. अर्धं गाव बाहेर ठेवून गावाचा निवाडा होत नाही.

आपल्याकडं ज्युरी गेली, पण पंच राहिला. पंच निकाल देत नाही. त्यानं डोळ्यानं काय पाहिलं, एवढंच त्याचं काम. झडतीच्या वेळी त्याच भागातले दोन किंवा जास्त स्वतंत्र, प्रतिष्ठित रहिवासी बोलवावेत असं कायदा सांगतो. प्रतिष्ठित म्हणजे पैसेवाला असं कुठं लिहिलेलं नाही, आणि पुरुषच हवा असंही नाही. लेखी बोलावणं आलं आणि योग्य कारण नसताना नकार दिला, तर तो गुन्हा ठरतो. १ जुलै २०२४ पासून नवी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली. तिच्यात झडती आणि जप्तीचं व्हिडिओ चित्रण करायला सांगितलं आहे, पंचांच्या सह्यांसकट. तरीही सही आपलीच असते.

म्हणून आता आमच्या गटांत मी हे सांगते. बोलावलं तर भिऊन घरात बसू नका. जिथं झडती आहे तिथं शेवटपर्यंत थांबा. वस्तू मोजा, कुठून निघाली ते बघा. कागद वाचा. वाचता येत नसेल तर शब्दन् शब्द वाचून दाखवा म्हणा. जे पाहिलं नाही ते लिहिलं असेल तर दुरुस्त करायला लावा. कोऱ्या कागदावर सही नाही, अंगठा नाही. पोलिस घाईत असतील, तरी आपण घाई करायची नाही. आपल्या एका सहीनं दारू विकणारा सुटू शकतो, तसा एखाद्या माउलीचा निर्दोष लेकही आत जाऊ शकतो.

गेल्या वर्षी मला पुन्हा पंच म्हणून बोलावलं. दुकानातल्या चोरीचा पंचनामा होता. मी म्हणलं, "साहेब, आधी मला आत येऊन बघू द्या." साहेब थोडे थांबले, मग म्हणाले, "या ताई." मोडलेलं कुलूप पाहिलं, रिकामा गल्ला पाहिला, कागद दोनदा वाचला. दारापासून गल्ल्याचं अंतर चुकलं होतं, ते टेपनं मोजून नीट करून घेतलं. पाऊण तास गेला आणि शेवटची एसटी चुकली. त्या रात्री गटातल्याच एका मावशीच्या घरी राहिले.

पुन्हा समन्स आलं, तर या वेळी मला सांगता येईल.