कातारीचा हात आणि कायद्याचा हात

महू हे गाव छावणीमुळे वसले आणि एका जन्मामुळे देशभर वंदनीय झाले. १८१७ च्या डिसेंबरात महिदपूरच्या लढाईत होळकरांचा पराभव झाला, १८१८ च्या जानेवारीत मंदसोरचा तह झाला आणि त्यानंतर येथे इंग्रजी फौजेचा तळ पडला. याच छावणीत १४ एप्रिल १८९१ रोजी रामजी सकपाळ यांच्या घरी भीमराव आंबेडकर जन्मास आले. त्याच १८९१ साली हिंदुस्थानातील कारखान्यांच्या कायद्याची पहिली मोठी दुरुस्ती झाली, हा एक योगायोग. पुढे त्याच कायद्याच्या इतिहासात महूच्या या सुपुत्राचे नाव यावयाचे होते. हा इतिहास सहसा गिरण्यांच्या धुराड्यांकडे पाहून सांगितला जातो. आम्ही तो लाकूड कातणाऱ्या कारागिराच्या बाजूने पाहू इच्छितो.

आपल्या घरात आणि देवळात या कारागिराचे, म्हणजे कातारीचे, हात किती ठिकाणी लागलेले असतात! पाळण्याच्या दांड्या, चौरंगाचे पाय, देव्हाऱ्याचे नाजूक खांब, लाटणे, भोवरा, सारे त्याचेच. सावंतवाडीचे लाखकाम जसे कोकणात, तशी नर्मदाकाठच्या बुधनीची रंगीत खेळणी माळव्याच्या शेजारी प्रसिद्ध आहेत. या कामाचा जुना सांगाडा अगदी साधा असे. दोन टोकांमध्ये लाकूड धरावयाचे, त्याला दोरीचा वेढा द्यावयाचा आणि मदतनिसाने दोरीची टोके आळीपाळीने ओढावयाची. लाकूड एकदा कारागिराच्या बाजूस फिरे, एकदा उलट. हत्यार चाले ते निम्म्या फेऱ्यातच. हत्यार अडकले की ओढणाऱ्याच्या हाताला ते कळे आणि दोरी थांबे. त्या यंत्राची शक्ती माणसाची होती, म्हणून त्यात माणसाचा सावधपणाही होता.

विजेच्या लेथला हा सावधपणा नाही. हत्यार अडकले तरी मोटार थांबत नाही. मिनिटास १५०० फेरे घेणाऱ्या १० सेंटीमीटर जाडीच्या लाकडाचा काठ ताशी सुमारे २८ किलोमीटर वेगाने धावत असतो. तितक्याच फेऱ्यांवर ३० सेंटीमीटरचे थाळे लावले तर तोच वेग ८५ किलोमीटरच्या घरात जातो. अशा वेळी सुटलेला तुकडा आणि गोफणीतला दगड यांत फरक तो काय राहिला?

या नव्या शक्तीला आवर घालण्याचे काम कायद्याकडे आले. १८८१ चा पहिला कायदा १०० माणसांच्या कारखान्यांपुरता होता. फिरत्या यंत्रास कुंपण घालण्याची कल्पना त्यात आली. १८८४ साली मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांच्या सभा भरवून जे मागणे मांडले, त्यात साप्ताहिक सुटीबरोबर आणखी एक कलम होते: कामावर जखमी झालेल्यास बरा होईपर्यंत वेतन मिळावे आणि जन्माचा पंगू झालेल्याच्या निर्वाहाची सोय व्हावी. १८९१ च्या दुरुस्तीने कायद्याची मर्यादा ५० माणसांवर आणली, १९२२ साली ती २० वर आली. डॉ. आंबेडकर १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खात्याचे सभासद होते. त्यांच्याच कारकीर्दीत, १९४६ साली, कामाचा आठवडा ५४ तासांवरून ४८ वर आला. थकलेला हात यंत्रापाशी आधी चुकतो, हे ज्याने पाहिले आहे त्याला ही सुधारणा केवळ विश्रांतीची वाटणार नाही. १९४८ च्या कायद्याने पुढे यंत्रास कुंपण, डोळ्यांस चष्मा, चालत्या यंत्राजवळ अंगाबरोबर बसणारे कपडे आणि पुरेसे शिक्षण न झालेल्या तरुणास धोक्याच्या यंत्रावर मनाई, हे सारे शब्दांत बांधले. विजेवर चालणाऱ्या जागेसाठी मर्यादा १० माणसांची ठेवली.

शंभर, पन्नास, वीस, दहा अशी कायद्याची छाया खाली खाली उतरत आली. पण चार माणसांच्या कातारशाळेपर्यंत ती सहसा पोहोचली नाही. २०२० च्या संहितेत तर 'कारखाना' या शब्दाच्या व्याख्येतील आकडा पुन्हा २० वर गेला. भरपाईच्या १९२३ च्या कायद्याच्या परिशिष्टात पुढे स्थिरावलेले हिशेब असे: अंगठा गेला तर कमाईची शक्ती शेकडा ३० ने घटली, तर्जनी गेली तर १४ ने. परंतु जो स्वतःच धनी आणि स्वतःच मजूर, त्याने ही भरपाई कोणापाशी मागावी?

म्हणून जेथे कायद्याचा हात संपतो तेथे शिस्तीचा सुरू झाला पाहिजे. भेगाळ वा सैल गाठीचे लाकूड लेथवर चढवू नये. वीज देण्यापूर्वी लाकूड हाताने एक पूर्ण फेरा फिरवून पाहावे. चकाची चावी काढून ठेवावी. आरंभ मंद वेगाने करावा आणि त्या क्षणी लाकडाच्या समोर उभे राहू नये. टेकण लाकडाच्या निकट असावे, आणि ते हलवावयाचे तर यंत्र थांबवूनच. हत्यार आधी टेकणावर, मग लाकडाला. घासताना टेकण दूर करावे. झिलईसाठी बोटाला फडके गुंडाळू नये, कारण कागद फाटतो, फडके हाताला ओढून नेते. त्याच कारणास्तव हातमोजेही नकोत. चेहऱ्यावर पूर्ण झाकण हवे आणि नाकावर मुखपट्टी. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ सालीच लाकडाची धूळ कर्करोगकारक ठरविली आहे.

एक गोष्ट आपल्या वाचकांस विशेष सांगावीशी वाटते. मनगटावरचा देवाचा दोरा, गळ्यातली माळ, बोटातली अंगठी, उपरण्याचे टोक ही सारी श्रद्धेची चिन्हे खरी. पण फिरत्या लाकडाला ती ओळखू येत नाहीत. काम करताना ती काढून देवापुढे ठेवावीत. त्यात अश्रद्धा नाही.

खंडेनवमीस आपण हत्यारांची पूजा करतो. त्या दिवशी लेथला फूल वाहताना त्याचा पट्टा झाकलेला आहे काय, बंद करावयाची कळ हाताशी आहे काय, हेही पाहिले जावे. आणि आपल्या देवस्थानांनी पालखीचे वा मखराचे खांब कातावयास देताना दर ठरवितात तशीच ही चौकशीही करावी. चष्म्याचा आणि मुखपट्टीचा खर्च कामाच्या खर्चात धरावा. कायदा त्यांना हे करावयास लावीत नाही. तरी ते करावे, असे आम्हांस वाटते.