कच्चं की शिजलेलं?

माणसाची पारख करणं सोपं. भाजलेल्या कोंबडीची पारख महाकठीण. माणूस निदान बोलतो तरी! कोंबडी वरून छान तांबूस दिसते आणि पोटातली गोष्ट पोटातच ठेवते.

१९७८ साली सासरेबुवा नगरला यायचे होते. रोजच्या रश्श्याऐवजी त्यांना 'रोस्ट' खिलवायचं माझ्या मनात आलं. भिंगारच्या एका मित्राने ॲल्युमिनियमचा गोल ओव्हन दिला आणि मंत्रही दिला : पौंडाला वीस मिनिटं, वर आणखी वीस. मी घड्याळ घेऊन बसलो.

साहेबाच्या ताटाचं कौतुक आम्हा नगरकरांना जुनंच. १८०३च्या ऑगस्टात जनरल वेलस्ली, म्हणजे पुढे वॉटर्लू जिंकणारा वेलिंग्टन, नगरवर चालून आला. ८ तारखेला शिड्या लावून त्याने पेठ घेतली. सकाळी पेठ घेऊन ही माणसं न्याहारीला परत येतात, याचं इंग्रजांबरोबर असलेल्या सरदार गोखल्यांना केवढं नवल वाटलं! ती न्याहारी इतिहासात जाऊन बसली. पण त्या सकाळी पेठेतही चुली पेटल्या असतीलच की. तव्यावरच्या भाकरी कुणी उलटल्या, की करपल्या, हे कोणी लिहून ठेवलं नाही. वाढणाऱ्या हातांपैकी किती उरले, तेही नाही.

किल्ला मात्र इतक्या लवकर शिजला नाही. भिंगारच्या देशमुखाने चार हजार रुपये घेऊन तटाची कच्ची बाजू दाखवली, अशी आख्यायिका आहे. तोफा डागल्या आणि १२ तारखेला किल्ला इंग्रजांच्या हाती गेला. किल्ल्याजवळच्या चिंचेखाली साहेब जेवला म्हणतात.

किल्ल्याची कच्ची बाजू शोधायची, कोंबडीची मात्र सर्वांत जाड! मांडीच्या जाड भागात, हाडाला न लावता थर्मामीटर खुपसायचा. ७४ अंश सेल्सियस भरले की कोंबडी झाली. वरचा रंग आणि आतून येणारं नितळ पाणी हे दोन्ही साक्षीदार फितूर होऊ शकतात. हे शहाणपण मला फार उशिरा आलं. त्या दिवशी मी रंगावर भाळलो.

सासरेबुवांनी मांडीला सुरी लावली. आत गुलाबी, हाडाशी लाल! कोणी काही बोललं नाही. सासरेबुवांनी छताकडे पाहिलं, मी घड्याळाकडे. सौभाग्यवतीने ताट उचललं. स्वयंपाकघरातून कांदा परतल्याचा वास आला, मग काळ्या मसाल्याचा.

बाराव्या शतकातल्या सोमेश्वर राजाच्या 'मानसोल्लासा'त सळईवर मांस भाजायची कृती आहे. म्हणजे भाजणं काही साहेबाने शिकवलं नाही. राजाच्या आचाऱ्याजवळ ना घड्याळ, ना थर्मामीटर. आमच्या घरीही नव्हता. हिने पळीवर एक तुकडा घेतला, बोटांनी दाबला. मांस हाडापासून अलगद सुटलं, तेव्हाच कढई उतरली.

सासरेबुवा दोन भाकरी जास्त जेवले. हात धुताना म्हणाले, "जावईबापू, तुमचं ते रोस्ट झकास झालं हो! फक्त पुढच्या वेळी रस्सा थोडा जास्त ठेवा."