बराक नंबर ते उद्यम नंबर : उल्हासनगरच्या धंद्याची ओळख

आजची गोष्ट मध्य रेल्वेच्या दोन शेजारच्या स्टेशनांची आहे, उल्हासनगर आणि अंबरनाथ. विषय ऐकायला जरा रुक्ष वाटेल. सरकारला माल विकायचा असेल तर तुमच्या धंद्याला नंबर लागतो. हा नंबर आला कुठून आणि तो नेमकं सांगतो काय?

सुरुवात फाळणीपासून करू. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ लष्कराची छावणी होती. 1947 नंतर सिंधमधून आलेल्या जवळपास लाखभर निर्वासितांना तिथल्या बराकींत आसरा मिळाला. 8 ऑगस्ट 1949 ला तेव्हाचे गव्हर्नर जनरल सी. राजगोपालाचारी यांनी पायाभरणी केली आणि वस्तीचं नाव पडलं उल्हासनगर. पाच कॅम्प, आणि प्रत्येक बराकीला नंबर. घरदार, पेढी, ओळखीपाळखी सगळं मागे राहिलेल्या माणसाचा नवा पत्ता काय? कॅम्प अमुक, बराक तमुक. म्हणजे बघा, या शहरात धंद्याच्या आधी माणसालाच नंबर मिळाला.

मग त्या बराकींतून धंदे उभे राहिले. कपडे, फर्निचर, प्लास्टिक, खाऊ, काय वाट्टेल ते. ‘मेड इन यूएसए’चा तो जुना विनोद तुम्ही ऐकलाच असेल: यूएसए म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन! हसायला ठीक आहे, पण त्यात एक खरी अडचण दडलीय. माल बाजारात जायचा, पण बनवणाऱ्याचं नाव मागेच राहायचं. रोखीच्या बाजारात हे चालून जातं. सरकारी खरेदीत नाही चालत. तिथे पहिला प्रश्न असतो, माल खराब निघाला तर धरायचं कुणाला?

हा प्रश्न उल्हासनगरपेक्षा जुना आहे. भारत सरकारची बरीचशी खरेदी पूर्वी लंडनमधून व्हायची. 1922 मध्ये इंडियन स्टोअर्स डिपार्टमेंट सुरू झालं आणि इथल्या इथे खरेदी करण्याची घडी बसू लागली. स्वातंत्र्यानंतर हे काम डीजीएस अँड डी, म्हणजे पुरवठा आणि विल्हेवाट महासंचालनालयाकडे होतं. या यादीत नाव असणं म्हणजे मोठी पत. छोट्या कारखानदारांसाठी 1955 मध्ये एनएसआयसी हे राष्ट्रीय लघुउद्योग महामंडळ आलं. त्याची एकखिडकी नोंदणी झाली की टेंडरचा फॉर्म फुकट आणि बयाणा रक्कम माफ. कारण बयाण्यात पैसे अडकले तर छोट्या माणसाचं भांडवलच संपतं.

आता एक स्टेशन पुढे, अंबरनाथला चला. तिथे 1953 पासून ऑर्डनन्स फॅक्टरी आहे, 2021 पासून ती यंत्र इंडिया लिमिटेडमध्ये आली. लष्करी सामानाच्या जगात नंबरांचं प्रकरण आणखी काटेकोर आहे. एकच बेअरिंग एका गोदामात एका नावाने आणि दुसऱ्यात दुसऱ्या नावाने पडून असेल तर? इथे ढीग, तिथे टंचाई! दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैन्याला हाच त्रास झाला आणि त्यातून पुढे नाटो देशांची संकेत पद्धत आली. वस्तूला 13 आकडी नंबर आणि ती बनवणाऱ्याला पाच अक्षर-अंकांचा कोड. भारत नाटोचा सदस्य नाही, तरी ही पद्धत वापरतो. वस्तूच्या नंबरात भारताची खूण 72, आणि हे काम संरक्षण मंत्रालयाचं मानकीकरण संचालनालय बघतं.

आणि आज? 9 ऑगस्ट 2016 ला जेम, म्हणजे सरकारी ऑनलाइन बाजार सुरू झाला. पुढच्याच वर्षी 31 ऑक्टोबरला डीजीएस अँड डी बंद झालं. 1 जुलै 2017 पासून जीएसटी नंबर आहे. त्याचे 15 खाने असतात: सुरुवातीला महाराष्ट्राचे 27, मग पॅनची दहा अक्षरं, मग उरलेले तीन. 1 जुलै 2020 पासून उद्यम नंबर आला. त्यात राज्य, जिल्हा आणि शेवटी सात आकडे. केंद्राच्या खात्यांनी वर्षाच्या खरेदीतला 25 टक्के माल सूक्ष्म आणि लघु उद्योगांकडून घ्यावा असं धोरण आहे, आणि उद्यम नंबर नसेल तर त्या दारात उभंही राहता येत नाही.

इथेच खरी मेख आहे. उद्यम नोंदणी आधारवर होते, पण जीएसटीला जागेचा पुरावा लागतो: लाइट बिल, घरपट्टी नाहीतर भाडेकरार. आणि उल्हासनगरातली बांधकामं इतक्या मोठ्या प्रमाणावर अनधिकृत की ती नियमित करायला 2006 मध्ये खास कायदा करावा लागला. हुन्नर आहे, मशीन आहे, गिऱ्हाईक आहे, पण जागेचा कागद नाही. मग तो गाळेवाला नंबर असलेल्या दुसऱ्याच्या नावाने माल देतो, आणि नफ्यातला मोठा हिस्सा त्या नाववाल्याकडे जातो. जुनीच गोष्ट नव्या लेबलखाली!

एक कामाचं लक्षात ठेवा: उद्यम नोंदणी सरकारी पोर्टलवर फुकट आहे. ‘सर्टिफिकेट काढून देतो’ म्हणत कुणी पैसे मागितले तर आधी विचार करा, ते कशाचे?

नंबर म्हणजे माल चांगला असल्याची हमी नव्हे. माल कुणी दिला, तो कुठे सापडेल आणि पैसे कुणाला मिळायला हवेत, एवढंच तो सांगतो. पण सगळं मागे ठेवून आलेल्यांच्या शहरात ‘हा माल माझा आहे’ हे कागदावर म्हणता येणं ही छोटी गोष्ट नाही. पुढच्या वेळी दुकानाच्या बिलावर 27 ने सुरू होणारा नंबर दिसला, की एकदा नीट वाचून बघा. भेटू पुढच्या भागात!