सुरतेची मानवधर्म सभा आणि बाप्तिस्म्याची खात्री

दादोबा पांडुरंग तर्खडकर आपणांस मराठीचे व्याकरणकार म्हणून परिचित आहेत. परंतु १८४४ साली ते आपल्या याच सुरतेत शिक्षक होते आणि दुर्गाराम मंछाराम मेहता यांच्यासह त्यांनी येथे मानवधर्म सभा स्थापिली, हे फारसे सांगितले जात नाही. ईश्वर एक, मनुष्यजातही एक, ही त्या सभेची धारणा होती. पुढे १८४९ च्या सुमारास मुंबईत दादोबांच्याच विचारांतून परमहंस सभा उदयास आली. तिचे कामकाज मात्र गुप्त चाले. सभासद जातिबंधन मोडण्याची प्रतिज्ञा करीत, ख्रिस्ती माणसाच्या हातचा पाव खात, आणि घरी जाऊन पूर्ववत पंक्तीस बसत. बहिष्काराची धग ज्यांनी सोसली नाही, त्यांनी त्यांना भेकड म्हणू नये.

या मंडळींपैकी बाबा पदमनजी यांनी १८५४ साली बेळगावी उघडपणे बाप्तिस्मा घेतला. मनाची खात्री झालीच होती, तर पाण्याचे प्रयोजन काय, असे कोणीही विचारील. बाबा ल्यूथरपंथीय नव्हते. तरीही या प्रश्नाचा सर्वांत निर्भीड विचार मार्टिन ल्यूथरचाच. १५२९ च्या त्याच्या लहान प्रश्नोत्तरावलीत बाप्तिस्म्याचे पाणी हे नुसते पाणी नव्हे, ते देवाच्या वचनाशी जोडलेले पाणी आहे. श्रद्धा ते वचन स्वीकारते, परंतु ती सकाळी प्रखर तर सायंकाळी मंद होते. म्हणून खात्री स्वतःच्या अंतःकरणात धुंडाळू नये; देवाने आपल्याविषयी जे एकदा केले, त्यावर टेकावे. गुप्त सभेतील प्रतिज्ञेला नेमका हाच बाहेरचा आधार नव्हता.

पंडिता रमाबाईंचे चरित्र मात्र या विवेचनास अडचणीचे ठरते. २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडात वॉन्टेज येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. पण १९०७ साली लिहिलेल्या आत्मसाक्षीत त्या सांगतात, की तेव्हा आपणांस ख्रिस्ती धर्म सापडला, ख्रिस्त नव्हे. मनःशांती त्यानंतर सुमारे आठ वर्षांनी लाभली. ल्यूथरचा अनुयायी म्हणेल, दान पूर्वीच पदरी पडले होते, ओळख तेवढी उशिरा पटली. मला हे उत्तर पुरेसे वाटत नाही. बाईंनी त्या आठ वर्षांची तळमळ खरी मानली होती. तरीही एक गोष्ट विसरता येत नाही. त्याच वेळी त्यांच्या मनोरमेलाही बाप्तिस्मा मिळाला. तिचे वय अडीच वर्षांचे होते आणि तिला एकही प्रश्न पडलेला नव्हता.