घड्याळाशी शर्यत

व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांला विषय विचारला, तेव्हा आम्ही ‘शर्यत’ असे उत्तर दिले आणि समोरच्या गृहस्थांचा चेहरा किंचित उतरला. कामगारांत तीस वर्षे काढलेला माणूस बोनस, महागाई भत्ता, कंत्राटी पद्धत यांवर बोलेल अशी त्यांची समजूत असावी. ती अगदीच खोटी ठरणार नाही, एवढे आश्वासन देऊन आम्ही सुटका करून घेतली. आमचे शालेय शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढचे जे काही झाले ते फौंड्रीच्या वाळूत आणि करवीर नगर वाचन मंदिराच्या बाकावर. तेव्हा इतिहासाच्या प्राध्यापकांनी आमच्याकडे थोडे सांभाळूनच पाहावे.

गोष्ट सुरू झाली ती शिवाजी पेठेत, तालमीच्या कट्ट्यावर. एका पोराने मोबाइलवर चित्र दाखवले. पांढरेशुभ्र, क्षितिजापर्यंत सपाट मैदान, आणि त्यावरून माशासारखी लांबट मोटार एकटीच चाललेली. मागे-पुढे कोणी नाही. “मामा, ही कसली शर्यत? एकटीच पळत्या की!” पोराने विचारले. “घड्याळाबरोबर,” आम्ही म्हणालो. “मग जिंकतंय कोण?” या प्रश्नाचे उत्तर आम्हांला चटकन देता आले नाही. त्या रात्री कट्ट्यावर ठरले की, अशी शर्यत एकदा डोळ्यांनी पाहायची. फुटबॉलचे सामने आणि कुस्त्यांचे फड पाहत आमचा जन्म गेला. पण प्रतिस्पर्ध्यावाचून लढलेली लढाई आमच्यापैकी कोणीच पाहिली नव्हती.

प्रवासाचा बेत करायचा म्हणजे आधी माहिती हवी. ती जमवू लागलो, आणि इतिहासात शिरलो तो अजून बाहेर आलेलो नाही.

जमिनीवरील वेगाचा पहिला नोंदलेला उच्चांक १८ डिसेंबर १८९८ चा. पॅरिसजवळ आशेर येथे शासलू-लोबा नावाच्या एका उमरावाने एक किलोमीटर ५७ सेकंदांत तोडला. म्हणजे ताशी सुमारे ६३ किलोमीटर. आज पन्हाळ्याच्या रस्त्याला दुचाकीवरचे कॉलेजकुमार याहून जोरात जातात. गंमत अशी की, ती मोटार पेट्रोलची नव्हती, विजेची होती. पुढच्याच वर्षी, २९ एप्रिल १८९९ रोजी, बेल्जियमच्या जनात्झीने ताशी १०५ किलोमीटरांवर मजल मारली. तीही विजेच्याच गाडीने. तिचे नाव त्याने ठेवले होते ‘कधीच समाधान नसलेली’. कारखानदारी पाहिलेल्या माणसाला हे नाव फार ओळखीचे वाटते.

शंभरेक किलोमीटरांचा वेग आमच्या करवीरला अगदीच अपरिचित नव्हता, हे जाता जाता सांगतो. राजर्षी शाहू महाराजांच्या दरबारी शिकारीसाठी चित्ते पाळलेले होते, आणि जमिनीवर चित्त्याहून जलद धावणारा प्राणी नाही. पण चित्त्याच्या मागे घड्याळ घेऊन कोणी उभा नव्हता. त्याची शर्यत हरणाशी होती, आणि हरणाला हरण्याची किंमत ठाऊक होती. असो.

मोटारींच्या शर्यतीत मात्र घड्याळ जसजसे बारीक होत गेले, तसतसे नियमही कडक झाले. वाऱ्याचा आणि उताराचा फायदा मिळू नये म्हणून ठरले की, मोजलेल्या मैलातून गाडीने एकदा जायचे, तासाच्या आत उलट दिशेने परत यायचे, आणि दोहोंची सरासरी धरायची. रस्ते अपुरे पडू लागले, तेव्हा ही मंडळी समुद्रकिनाऱ्यांवर गेली. वेल्समधील पेंडाइनच्या वाळूवर ३ मार्च १९२७ रोजी पॅरी-टॉमस हा इंजिनियर उच्चांकाच्या प्रयत्नात मारला गेला. त्याच्या ‘बॅब्ज’ मोटारीला तेथेच वाळूत पुरले. पुढे १९६९ साली एकाने ती उकरून काढली आणि पुन्हा चालती केली.

किनाराही अपुरा पडला, तेव्हा अमेरिकेतील युटा संस्थानातील बॉनव्हिल या मिठाच्या मैदानाकडे सगळ्यांचे लक्ष गेले. पूर्वीचे एक विशाल सरोवर आटले आणि मागे हा मिठाचा थर राहिला. सप्टेंबर १९३५ मध्ये माल्कम कॅम्बेल या इंग्रजाने तेथे ताशी ३०१ मैल गाठले. १९४७ साली जॉन कॉब ३९४ वर गेला. पुढे विमानांची इंजिने आली. १५ नोव्हेंबर १९६५ रोजी क्रेग ब्रीडलव्हने सहाशे मैल ओलांडले. हाच ब्रीडलव्ह आदल्या वर्षी वेग रोखणाऱ्या छत्र्या तुटल्यामुळे तारेचा खांब कापून थेट खाऱ्या पाण्याच्या तळ्यात गेला होता, आणि पोहत बाहेर आला होता. शेवटचा उच्चांक १५ ऑक्टोबर १९९७ चा. नेव्हाडाच्या ब्लॅक रॉक वाळवंटात ब्रिटिश वैमानिक अँडी ग्रीनने ताशी १,२२७ किलोमीटरांवर, म्हणजे आवाजाच्या वेगापलीकडे, मोटार नेली. तो अद्याप मोडलेला नाही. त्या गाडीला अमेरिकेत नेणाऱ्या विमानाच्या इंधनासाठी सामान्य लोकांनी वर्गणी काढली होती. हे वाचून आम्हांला फार बरे वाटले. वर्गणी हा आमचा जुना विषय.

ही नावे आपण वाचली. पण कॅम्बेलच्या मोटारीखाली पाठीवर पडून नट आवळणारा लिओ व्हिला किती जणांना ठाऊक आहे? बापाच्या आणि नंतर मुलगा डोनाल्डच्या, दोघांच्याही गाड्या या एका मेस्त्रीने सांभाळल्या. किंवा ओहायोचा आर्ट आरफन्स घ्या. पशुखाद्याच्या गिरणीत काम करणारा हा माणूस. त्याने भंगारात निघालेले लढाऊ विमानाचे इंजिन विकत घेतले, घरच्या घरी दुरुस्त केले, आणि १९६४ व १९६५ या दोन वर्षांत तीनदा जगाचा उच्चांक काढला. आमच्या उद्यमनगरात याची बिरादरी मोठी आहे. भंगारातून चालते यंत्र उभे करणे हे कोल्हापूरकराला कोणी शिकवावे लागत नाही.

आता बेताकडे येतो. पहिला बेत अर्थातच बॉनव्हिलचा. तेथे १९४९ पासून ऑगस्टात ‘स्पीड वीक’ म्हणजे वेगाचा आठवडा भरतो. त्यात लक्षाधीशांपेक्षा गॅरेजवाले आणि हौशी मेस्त्रीच जास्त. प्रेक्षकाला गाड्यांच्या तळावर मोकळेपणे हिंडता येते. पोरांनी यादी केली: मैदानावर सावली नाही, पाणी आपले आपण न्यायचे, काळा चष्मा हवाच, पांढऱ्या मिठावरून ऊन खालून वर येते, म्हणून हनुवटीखालीही कातडी भाजते, परतल्यावर गाडीचे मीठ धुवायचे, नाहीतर पत्रा गंजतो. एवढे करून शर्यत होईलच असे नाही. मीठ ओले राहिले किंवा थर पातळ झाला की आठवडाच रद्द. २०१४, २०१५ आणि २०२२ साली तसे झाले. पासपोर्ट, व्हिसा, विमानाचे भाडे यांची बेरीज केली, तेव्हा कट्ट्यावर शांतता पसरली. “मामा, एवढ्यात दोन म्हशी येतील,” एकाने सांगितले. तो विषय तेथेच संपला.

पण घड्याळ आमच्या डोक्यातून जाईना. आणि त्याला कारण आहे.

आम्ही तरुणपणी एका फौंड्रीत मोल्डर होतो. एके दिवशी एक साहेब हातात स्टॉपवॉच घेऊन आमच्या पेटीशेजारी उभा राहिला. वाळू भरली, ठोकली, पॅटर्न काढला. प्रत्येक हालचालीला बोटाने खटका. आम्ही तरुण, अंगात रग. साहेबाला दाखवायचे म्हणून जीव तोडून साचे केले. पुढच्या महिन्यात तोच आकडा सगळ्यांचा रोजचा कोटा झाला. शेजारी साठीला आलेले एक काका काम करीत. ते काही बोलले नाहीत. संध्याकाळी हात धुताना एवढेच म्हणाले, “पोरा, तू जिंकलास, आता आम्ही रोज हरायचं.” आम्ही संघटनेत आलो ते त्या वाक्यामुळे. त्या कारखान्याचे नाव सांगण्यात अर्थ नाही. असे बरेच होते.

पुढे वाचनात आले की, आमच्याच धंद्यातल्या माणसांनी हे आमच्या आधी भोगले होते. फ्रेडरिक टेलरने कामगाराची हालचाल सेकंदांत मोजण्याचे शास्त्र केले. अमेरिकेतील वॉटरटाउन येथील सरकारी शस्त्रागारात ऑगस्ट १९११ मध्ये मोल्डरांवर स्टॉपवॉच लावले गेले. जोसेफ कूनी या मोल्डरने मोजून घेण्यास नकार दिला. त्याला काढले, आणि बाकीचे मोल्डर काम टाकून बाहेर पडले. प्रकरण तेथील लोकसभेपर्यंत गेले. चौकशी झाली, आणि १९१५ साली सरकारी शस्त्रागारांत स्टॉपवॉच वापरण्यास कायद्याने बंदी आली. मुंबईच्या १९२८ च्या गिरणीसंपाचे मूळही असेच. एका विणकराकडे दोनाऐवजी तीन माग, कताईत एका बाजूऐवजी दोन बाजू. त्याविरुद्ध दीड लाखांवर कामगार सहा महिने बाहेर राहिले.

म्हणजे घड्याळाशी शर्यत दोन प्रकारची. अँडी ग्रीन स्वतः होऊन घड्याळापुढे गेला. कूनीपुढे घड्याळ आणून उभे केले. आकडा दोन्हीकडे सेकंदांचाच. फरक एवढाच की, एकाला ‘नाही’ म्हणता येत होते.

दक्षिण आफ्रिकेतील हाक्स्कीन पॅनची हकीगत येथे सांगितली पाहिजे. नव्या उच्चांकासाठी ‘ब्लडहाउंड’ नावाची मोटार तयार झाली. तिला वीस किलोमीटर लांबीचा निखळ सपाट पट्टा हवा होता, आणि त्या वेगात सुपारीएवढा दगडही घातक. यंत्राने दगड उचलले तर पृष्ठभाग बिघडतो. तेव्हा तेथल्या मियर समाजातील तीनशेहून अधिक स्त्रीपुरुषांनी काही वर्षे खपून सुमारे १६,५०० टन दगड हातांनी वेचून काढले. २०१९ साली मोटार ताशी हजार किलोमीटरांवर धावली. मग पैसा संपला. उच्चांक झालाच नाही. पट्टा मात्र तयार आहे. आम्हांला विचाराल तर त्या सगळ्या प्रकरणातला खरा विक्रम तो पट्टा होय.

आता दुसरा बेत, जो आम्ही खरोखर करतो आहोत. घड्याळाशी शर्यत पाहायला अमेरिका कशाला? ती आपल्या पुणे जिल्ह्यात आहे. आमच्या दक्षिणेकडे बैलगाड्या एकदम सुटतात, गाडीवान वर बसलेला असतो, आणि पुढे येईल तो जिंकतो. पण खेड, आंबेगाव, जुन्नर या भागांत रीत वेगळी. चढाच्या धावपट्टीला तेथे ‘घाट’ म्हणतात. एका वेळी एकच गाडा सुटतो; बैलांच्या पुढे घोडीवर स्वार असतो. झेंडा पडतो आणि सेकंद मोजले जातात. अशी एकेक ‘बारी’ होते. सर्वांत कमी सेकंदांचा गाडा पहिला. अकरा-बारा सेकंदांच्या आसपास सगळा निकाल. हीच तर बॉनव्हिलची पद्धत! निमगावच्या खंडोबाचा घाट त्यात नामांकित. पोरांना हे सांगितले, तेव्हा त्यांनी टाळी दिली.

पण आमच्यातले एक वारकरी स्नेही आहेत. ते उठून उभे राहिले. “अण्णा, स्टॉपवॉचविरुद्ध भाषणं केलीसा, आणि आता मुक्या जनावरापुढं घड्याळ धरलेलं बघायला जाणार? बैलाला संप करता येतोय काय?”

आम्ही त्या दिवशी उत्तर दिले नाही. या शर्यतींचा अलीकडचा इतिहासही या प्रश्नाभोवतीच फिरतो. २०११ च्या केंद्राच्या अधिसूचनेने बैलाचा खेळासाठी वापर निषिद्ध झाला. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शर्यती बंद केल्या. महाराष्ट्राने २०१७ साली कायदा बदलला, त्याला उच्च न्यायालयात स्थगिती मिळाली. १६ डिसेंबर २०२१ रोजी शर्यतींना पुन्हा परवानगी मिळाली, आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने राज्याचा कायदा उचलून धरला. आता चाबूक, विजेचा धक्का, शेपटी पिरगाळणे या गोष्टींना मनाई आहे. मनाई कागदावर असते, हे कामगारकायद्यांच्या अनुभवावरून आम्ही जाणतो. फॅक्टरी ॲक्टही कागदावर उत्तमच होता. दुसऱ्या बाजूने, ज्या शेतकऱ्याच्या दारात ट्रॅक्टरनंतरही खिलार बैल उभा राहतो, त्याच्या मागे शर्यतीचे कारण असते, हेही नाकारता येत नाही. शर्यत गेली तर बैल कसायाकडे जाईल, असे तो म्हणतो. मालकाचे हे म्हणणे आम्ही दुसऱ्या संदर्भात पुष्कळदा ऐकले आहे: कोटा वाढवला नाही तर कारखानाच बंद पडेल. ते कधी खरे असते, कधी नसते. ताळेबंद पाहिल्यावाचून आम्ही त्याला होही म्हणत नाही आणि नाहीही म्हणत नाही.

म्हणून शेवटी वारकरी स्नेह्यांशीच तडजोड झाली. जायचे, पण झेंड्यापाशी किंवा समालोचकाच्या मंडपाखाली उभे राहायचे नाही. घाट संपतो तेथे, वर, जिथे बैलांना थांबवून सोडतात, तिथे थांबायचे. त्यांच्या पाठीवर, शेपटीवर काय दिसते, तोंडाला फेस किती, पाणी कोण पाजतो, बारी झाल्यावर मालक आधी बैलाकडे जातो की आकडा विचारायला जातो, ते पाहायचे. स्नेही स्वतः येणार आहेत, कारण आमच्या डोळ्यांवर त्यांचा विश्वास नाही.

यात्रेच्या आदल्या रात्री कोल्हापुरातून एस.टी.ने पुणे, तेथून नाशिक रस्त्याने राजगुरुनगर, पुढे मिळेल ते वाहन. अकरा जण नक्की झाले आहेत. भाकरी, झुणका आणि खर्डा प्रत्येकाने आपापला आणायचा. पाण्याचे दोन कॅन तालमीतून. पोरांपैकी एकाने मोबाइलमधल्या घड्याळावर सेकंद मोजू का म्हणून विचारले. वारकरी स्नेह्यांनी आमच्याकडे पाहिले. आम्ही त्याला म्हणालो, मोज. पण बारी सुटल्यापासून नव्हे, बैल थांबल्यापासून त्याचा श्वास जाग्यावर येईपर्यंत.