असई ते अल्फा सेंटॉरी

२३ सप्टेंबर १८०३. दुपारची वेळ. केळणा नदीच्या दक्षिण काठावर ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेचा सेनापती आर्थर वेलस्ली उभा होता आणि वाटाडे सांगत होते की इथे नदीला उतार नाही. पलीकडे, केळणा आणि जुई या दोन नद्यांच्या बेचक्यात, दौलतराव शिंदे आणि नागपूरकर रघूजी भोसले यांचं सैन्य पसरलेलं. वेलस्लीला खालच्या अंगाला दोन गावं दिसली. अलीकडे पिंपळगाव, पलीकडे वरूड, जवळजवळ समोरासमोर. इतक्या शेजारची दोन गावं एकमेकांकडे जात-येत नसतील हे त्याला पटेना. माणसं जातात म्हणजे वाट आहे, वाट आहे म्हणजे उतार आहे. एका इंजिनिअर अधिकाऱ्याला पाठवून त्याने खात्री करून घेतली आणि फौज पाण्यात घातली. आजच्या जालना जिल्ह्यातल्या असईची लढाई त्या उतारावर सुरू झाली.

शिंद्यांच्या कवायती पायदळाचा सेनापती पोलमन हा हॅनोव्हरचा. शत्रू बगलेवर आलाय हे दिसताच त्याने आपली अख्खी फळी काटकोनात फिरवली. वेलस्लीला हे अपेक्षित नव्हतं. एतद्देशीय फौजेला असली कवायत जमणार नाही, असा त्याचा समज होता. पुढचे काही तास मराठी तोफांनी कंपनीच्या रांगा अक्षरशः कापल्या. संध्याकाळी मैदान वेलस्लीचं होतं, ९८ तोफा त्याच्या ताब्यात होत्या, आणि त्याची १,५००हून जास्त माणसं मेली होती किंवा जखमी झाली होती. त्याची खरी लढाऊ फौज साडेचार हजारांच्या आसपास. म्हणजे तिसरा हिस्सा गेला. पाठलाग करायला अंगात बळ नव्हतं. मराठ्यांचं घोडदळ जवळजवळ जसंच्या तसं निघून गेलं.

मग जिंकलं कोण? इतिहासाच्या पुस्तकात उत्तर एका शब्दाचं आहे. पण डावपेचांचे खेळ खेळणारा माणूस इथे थबकतो, कारण त्याच्या जगात हा प्रश्न खेळ सुरू होण्याआधीच सोडवावा लागतो: विजय कशाला म्हणायचं? संगणकावर पाळीपाळीने खेळायचे अंतराळातले खेळ आज एकाच डावात चार-चार, पाच-पाच प्रकारचे विजय देतात. सगळ्यांना चिरडा, सगळं विकत घ्या, सगळ्यांची मतं मिळवा, किंवा ज्ञानाच्या जोरावर या सगळ्याच्या पलीकडे निघून जा. ही यादी कुणा एका अमेरिकन प्रोग्रामरच्या डोक्यातून निघालेली नाही. तिचं कूळ बरंच जुनं आहे आणि तिची एक फांदी असईवरून जाते.

सुरुवात अर्थातच बुद्धिबळापासून. चतुरंग भारतातलं, हे आता सर्वमान्य आहे. मराठी मुलखाच्या जवळचा धागा सांगायचा तर १७व्या शतकात काशीच्या नीलकंठ भट्टांनी ‘भगवंतभास्कर’ हा धर्मशास्त्राचा मोठा ग्रंथ लिहिला, त्यातल्या राजनीतीवरच्या ‘नीतिमयूख’ या भागात बुद्धिबळाचं वर्णन आहे. हे भट्ट घराणं मूळचं पैठणचं. नीलकंठांचे पणजोबा रामेश्वर भट्ट तिथून काशीला गेले. राजाने काय शिकावं याच्या चर्चेत पटावरचा खेळ यावा, हे मला फार बोलकं वाटतं.

बुद्धिबळात विजय एकच, शहमात, असं आपण धरून चालतो. जुन्या देशी खेळात तसं नव्हतं. विजयाला प्रती होत्या. प्याद्याने मात दिली तर ती प्यादेमात, सर्वांत मानाची. समोरच्याची सगळी मोहरी मारून राजा एकटा उरवला तर बुर्जी. तिला पुऱ्या विजयाचा मान नव्हता. अरबी शतरंजात तर राजा एकटा पडला की डाव संपलाच, जीत पक्की. आणि राजाला शह नाही पण हलायला घरही नाही, अशी कोंडी झाली तर? शतरंजात कोंडणारा जिंके. इंग्लंडात १७व्या-१८व्या शतकात नेमकं उलट: ज्याची कोंडी झाली तो जिंकला, कारण समोरच्याने डाव नासवला! १९व्या शतकाच्या सुरुवातीला तिथे ही स्थिती बरोबरी ठरू लागली. थोडक्यात, असईच्या वेळी खुद्द इंग्रजांच्या घरी पटावरचा विजय कशाला म्हणायचं याचा निकाल लागायचा होता.

बुद्धिबळाचा पट मोठा करून त्यावर खरं युद्ध उतरवण्याचा नाद जर्मन संस्थानांत लागला. ब्रन्सविकच्या हेलविगने १७८०मध्ये १,६१७ चौकोनांचा पट काढला. चौकोनांना रंग दिले: डोंगर, दलदल, पाणी. आणि राजा काढून टाकला. शत्रूचा किल्ला घेतला की जिंकलात. माझ्या मते कुळकथेतला हा सर्वांत मोठा वळसा आहे. तोवर विजय एका माणसाच्या अंगात होता, आता तो जमिनीवर आला.

पुढे प्रशियात फॉन राइसविट्झ बापलेकांनी चौकोनही काढून टाकले. बापाने १८१२मध्ये राजाला टेबलावरचा खेळ दाखवला. मुलाने १८२४मध्ये १:८००० प्रमाणाच्या नकाशावर, ठोकळे आणि फासे घेऊन त्याचे नियम छापले. एक पाळी म्हणजे युद्धातली दोन मिनिटं. दोन्ही बाजू आपापले हुकूम लिहून पंचाकडे देत आणि शत्रूचं सैन्य कुठे आहे हे पंच दाखवेल तेवढंच दिसे. प्रशियाच्या सेनेचा तेव्हाचा प्रमुख स्टाफ अधिकारी म्युफ्लिंग सुरुवातीला नाक मुरडून बसला होता, पण खेळ बघता बघता इतका खूश झाला की त्याने तो पलटणींना द्यायची शिफारस केली. हा म्युफ्लिंग कोण? १८१५च्या वॉटर्लूच्या लढाईत वेलिंग्टनच्या छावणीत प्रशियाचा संपर्क अधिकारी म्हणून होता तोच. आणि वेलिंग्टन म्हणजे आपला असईचा वेलस्ली. उतारवयात त्याला विचारलं की तुम्ही रणांगणावर केलेली सर्वांत चांगली गोष्ट कोणती, तर त्याने वॉटर्लू नव्हे, असई सांगितल्याची नोंद आहे. असईने युद्धखेळ जन्माला घातला असं म्हणायचा माझा हेतू नाही. पण ज्याने खेळाला सैन्यात जागा मिळवून दिली, त्याने खरं सेनापतीपण ज्यांचं जवळून पाहिलं, त्यांत हा माणूस होता.

राइसविट्झच्या खेळात ‘विजय’ असा ठरलेला नव्हता. प्रत्येक डावाला उद्दिष्ट दिलं जाई आणि ते साधलं की नाही हे पंच ठरवी. असईला हीच कसोटी लावून बघा. ती लढाई हे युद्धाचं एक अंग होतं. त्याआधी, डिसेंबर १८०२च्या वसईच्या तहाने पेशवा दुसरा बाजीराव कंपनीच्या पंखाखाली गेला होता. बाजीरावाचे दत्तक भाऊ अमृतराव यांना सालीना सात लाखांची नेमणूक देऊन बाजूला केलं. यशवंतराव होळकर या युद्धात उतरलेच नाहीत. अहमदनगरचा किल्ला ऑगस्टमध्येच पडला. आणि या सगळ्याच्या खाली बैल होते. म्हैसूरचे चांगले बैल आणि बंजाऱ्यांचे धान्याचे तांडे यांच्यावर वेलस्लीचा जीव किती अडकलेला असे ते त्याच्या पत्रांत पानोपानी दिसतं. असईनंतर आडगावची लढाई, मग गाविलगडचा किल्ला. डिसेंबरात आधी भोसल्यांशी देवगावचा आणि मग शिंद्यांशी सुर्जी-अंजनगावचा तह. लष्करी, आर्थिक, राजनैतिक: तिन्ही विजय एकाच मोहिमेत, आणि एकट्या लष्करी विजयावर ती निभली नसती.

युद्धखेळ सैनिकांच्या हातून सामान्यांच्या हातात आणला तो, गंमत म्हणजे, विज्ञानकथेच्या एका आद्य पुरुषाने. मंगळावरून स्वारी करवणाऱ्या एच. जी. वेल्सने १९१३मध्ये ‘लिटल वॉर्स’ हे पुस्तक काढलं. शिशाचे सैनिक, स्प्रिंगच्या तोफा, घराची फरशी हे रणांगण. वेल्सने डावाचे तीन प्रकार दिले: शेवटपर्यंत झुंज, शत्रूच्या पाठीमागच्या कडेपर्यंत माणसं पोचवणं, आणि बचावाचा डाव. एकाच खेळाला वेगवेगळे विजय नियमात लिहून मिळाले.

मधली वर्षं भराभर जाऊ द्या. १९५४मध्ये अमेरिकेत चार्ल्स रॉबर्ट्सने पुठ्ठ्यावरचे युद्धखेळ विकायला काढले, १९६१मध्ये चौकोनांऐवजी षटकोन आले. १९८०मध्ये इंग्लंडच्या फ्रान्सिस ट्रेशमने ‘सिव्हिलायझेशन’ नावाचा पट काढला, ज्यात शेजाऱ्याला मारण्यापेक्षा शेती, लेखन, कायदा मिळवत पुढे सरकणं महत्त्वाचं. त्याच नावाचा सिड मायरचा संगणकावरचा खेळ १९९१चा. त्यात जिंकायच्या दोन ठळक वाटा: सगळं जग जिंका, किंवा अल्फा सेंटॉरी ताऱ्याकडे पहिलं यान पोचवा. दोन वर्षांनी आलेल्या ‘मास्टर ऑफ ओरायन’ने आकाशगंगेची परिषद भरवली, दोन तृतीयांश मतं मिळाली की सम्राट तुम्हीच.

आणि मग १९९९. ब्रायन रेनल्ड्सने रचलेला ‘सिड मायर्स अल्फा सेंटॉरी’ तिथेच सुरू होतो जिथे ‘सिव्हिलायझेशन’चं यान उतरलं होतं. यान फुटतं, माणसांचे सात गट पडतात, आणि खालचा ग्रह जिवंत निघतो. यात विजयाचे रस्ते खरोखर वेगवेगळ्या स्वभावाचे आहेत. आर्थिक विजयाला ऊर्जेचा अख्खा बाजार विकत घ्यावा लागतो, पण पैसे मोजल्यावर २० पाळ्या तग धरायची असते, आणि तेवढ्यात बाकीचे सगळे अंगावर येतात. म्हणजे हा विजय श्रीमंताचा कमी, भक्कम तटबंदीवाल्याचा जास्त. राजनैतिक विजयाला परिषदेत तीन चतुर्थांश मतं लागतात. इथे सर्वांत सोयीचा नेता कमिशनर प्रवीण लाल, संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेचा भारतीय डॉक्टर. त्याच्या गटाची मतं दुप्पट मोजली जातात. लोकसंख्या वाढवा, दोन मित्र सांभाळा, काम होतं. लाल घेऊन लढत सुटणारे खेळाडू मी पाहिले आहेत. मला ते समजत नाहीत.

पण मुरलेला खेळाडू कुठल्याही वाटेने गेला तरी त्याचा भर क्रॉलर नावाच्या मालवाहू गाड्यांवर असतो. त्या दूरच्या चौकोनातून खनिज आणतात, आणि मोठा प्रकल्प उभारताना त्या मोडून घातल्या तर त्यांची पूर्ण किंमत प्रकल्पात जमा होते. वीसएक क्रॉलर साठवून ठेवलेला माणूस शत्रूच्या तोंडचा प्रकल्प एका पाळीत हिसकावतो. बैलांची चिंता करणारा वेलस्ली या खेळात बरा रमला असता.

जगज्जेतेपद, आर्थिक आणि राजनैतिक यांच्यानंतरचा चौथा विजय, म्हणजे अतीत होणं, याला युद्धखेळांच्या कुळात पूर्वज सापडत नाही. माणसांची मनं त्या जिवंत ग्रहाच्या मनात मिसळायची आणि खेळ संपवायचा. याचं नातं वेगळ्या घराण्याशी आहे, आणि ते आपल्याकडे आहे. कवड्यांनी खेळायच्या मोक्षपटात कुणाला हरवायचं नसतं. दुर्गुणांचे साप चुकवत, सद्गुणांच्या शिड्या चढत वरच्या घरी पोचायचं. परंपरा तो पट ज्ञानेश्वरांच्या नावावर घालते, आणि त्यांचं आपेगाव पैठणच्या उशालाच. रेनल्ड्सने मोक्षपट पाहिला होता असं सुचवण्याचं कारण नाही. फरकही मोठा आहे: मोक्षपटात निकाल कवड्यांच्या हाती, इथे संशोधनाच्या. शिवाय इथल्या मोक्षालाही शर्यत आहे. ‘व्हॉइस ऑफ प्लॅनेट’ हा प्रकल्प कुणी एकाने पुरा केला की शेवटच्या पायरीचं दार सगळ्यांना उघडतं. पहिली पायरी बांधणाऱ्यालाच विजय मिळेल याची हमी नाही. म्हणून जाणते लोक आधी क्रॉलरांची रांग लावतात, मगच ती पायरी चढतात.

२०१४च्या ‘बियाँड अर्थ’मध्ये विजय पाच झाले. त्यातही एक भारतीय नेता आहे, कविता ठाकूर. पण माझ्या मते आकडा वाढला आणि चव गेली. जगज्जेतेपद सोडलं तर बाकीच्या वाटा शेवटी एक भलंमोठं बांधकाम करून ते राखत बसण्यावर येतात. वेगळेपण उरलं ते एकीत, जिला खेळात ‘मुक्ती’ म्हटलंय. दूरच्या ग्रहावर यंत्रांशी एकजीव झालेली माणसं एक दार उभारतात आणि त्यातून पृथ्वीवर फौज पाठवतात, तिथल्या लोकांनाही आपल्यासारखं करून टाकायला. पुरेशी फौज दारापलीकडे गेली की विजयाची पाटी येते. पृथ्वीवरच्यांचं मत घ्यायची तरतूद नियमांत नाही.